ग्लेशियर बेमध्ये दोघांनीच कयाक घेऊन जायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मूळचे ठाण्याचे आणि सध्या सिअ‍ॅटलजवळ राहणारे एक जोडपे येत्या उन्हाळ्यात अलास्कातील ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात आठ दिवस समुद्री कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन, किनाऱ्यावर तंबू ठोकत, वाटाड्याशिवाय फिरू इच्छिते. दोघांनाही पोहता येते आणि तलावांत दोन वर्षे कयाक चालवण्याचा सराव आहे, मात्र हिमनद्यांच्या पाण्यात ते कधी उतरलेले नाहीत. दोघांत एक कयाक घ्यावी की दोन, हिमनदीच्या किती जवळ जावे, अस्वलांचे काय करावे, शाकाहारी जेवण कसे न्यावे आणि मुळात दोघांनीच जाणे शहाणपणाचे आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावर मी चौदा उन्हाळे कयाक-वाटाडी म्हणून काम केले असून त्यांपैकी बऱ्याच सुट्ट्यांत मी आणि माझा नवरा असे दोघेच याच उपसागरात हिंडलो आहोत. त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. दोघांनी जाणे शहाणपणाचे ठरू शकते, पण त्यासाठी आठ दिवसांत किती मैल कापायचे हा हिशेब बाजूला ठेवून आठांपैकी किती दिवस नुसते थांबता येईल, हा हिशेब आधी मांडावा लागतो. या उपसागरात माणसे अडचणीत येतात ती सहसा अस्वलामुळे किंवा कोसळणाऱ्या बर्फामुळे नव्हे, तर भरती-ओहोटी न ओळखल्यामुळे, थंड पाण्याला कमी लेखल्यामुळे आणि ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोहोचण्याच्या घाईमुळे. सोबत चार-सहा माणसे असली तर चूक सावरून घेता येते. दोघेच असले की सावरायला तिसरा हात नसतो.

जागेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ही जागा नकाशावर दिसते तितकी जुनी नाही. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतील माणसे येथून गेली तेव्हा आजच्या उपसागराच्या तोंडाशी बर्फाची भिंत उभी होती आणि आत जेमतेम पाच मैलांची खोबण होती. १८७९ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर येथल्या मूळ रहिवासी लिंगित वल्हेकऱ्यांच्या होडीतून आला तोवर बर्फ चाळीसहून अधिक मैल मागे हटला होता. आज उपसागराच्या मुखापासून वरच्या टोकापर्यंत सुमारे ६५ मैल पाणी आहे. बर्फ पुढे सरकण्यापूर्वी येथे हुना लिंगित लोकांची वस्ती होती. अठराव्या शतकात हिमनदीने त्यांना घराबाहेर काढले, तरी हा प्रदेश त्यांच्या लेखी आजही त्यांचे मूळ घर आहे. उद्यानाचे मुख्यालय असलेल्या बार्टलेट कोव्ह येथे २०१६ मध्ये उघडलेले त्यांचे कुलगृह, खुना शुका हित, पाहिल्याशिवाय पाण्यावर जाऊ नका. आपण कोणाच्या अंगणात तंबू ठोकणार आहोत हे कळले की किनाऱ्यावर वागण्याची पद्धतच बदलते.

बर्फाचे ओझे उतरल्यामुळे येथील जमीन अजूनही वर येत आहे, काही ठिकाणी वर्षाला इंचभर किंवा त्याहून अधिक. म्हणून जुन्या नकाशात पाणी दाखवलेल्या उथळ फटीत आज गवत उगवलेले आढळते. बार्टलेट कोव्हजवळच्या बियर्डस्ली बेटांमधील काही वाटा फक्त मोठ्या भरतीलाच कयाकसाठी उघडतात. नकाशा ताजा घ्या आणि शंका आली तर भरतीची वाट पाहा.

आता भरती-ओहोटीकडे वळते, कारण माझ्या मते या सहलीचा कणा हाच आहे. येथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत २५ फुटांपर्यंत फरक पडतो. मुंबईच्या पावसाळ्यातील मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या, म्हणजे सुमारे सोळा फुटांच्या आसपास चढते. त्याच्या दीडपट पाणी सहा तासांत चढते आणि पुढच्या सहा तासांत उतरते, अशी कल्पना करा. शिवाय ते सारख्या गतीने चढत नाही. बारा भागांचा हिशेब ध्यानात ठेवा: पहिल्या तासात एकूण चढाचा एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. २४ फुटांची भरती असेल तर मधल्या दोन तासांत पाणी तासाला सहा फूट चढते. वीस फुटांमागे एक फूट इतका मंद उतार असलेल्या किनाऱ्यावर याचा अर्थ पाण्याची कड तासाभरात १२० फूट आत येते, म्हणजे मिनिटाला दोन फूट. दुपारचा डबा खायला बसून कयाकीकडे पाठ केली आणि अर्धा तास गप्पा रंगल्या, तर काय होईल ते यावरून समजावे.

आणखी एक बाब नवख्यांना हमखास फसवते. दिवसातील दोन भरत्या येथे सारख्या उंचीच्या नसतात आणि उन्हाळ्यात उधाणाच्या दिवसांत त्यांतील मोठी बहुधा मध्यरात्रीच्या सुमारास येते. आमच्या तिसऱ्या वर्षी आम्ही दुपारच्या भरतीने सोडलेली ओल्या शेवाळाची रेघ पाहिली, कयाक तिच्या वर हातभर ओढली आणि तंबू त्याहून वर लावून निर्धास्त झोपलो. रात्री एकच्या सुमारास मला दगडावर काहीतरी मऊ आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तो कयाक पाण्यावर तरंगत, दोराच्या टोकाला हळूहळू फिरत होती. दोर मोठ्या खडकाला बांधलेला होता म्हणून ती राहिली. तो बांधण्याचा आग्रह नवऱ्याचा होता आणि मला तेव्हा तो अनाठायी वाटला होता. तेव्हापासून आम्ही समोरच्या ओल्या रेघेवर कधीही भिस्त ठेवत नाही. कोष्टकात रात्रीच्या भरतीचा आकडा पाहतो, वाळलेल्या जुन्या शेवाळाच्या आणि वाहून आलेल्या ओंडक्यांच्या सर्वांत वरच्या ओळीच्याही वर तंबू लावतो आणि कयाक दररोज बांधतो, अपवाद न करता.

दोघांसाठी याचा आणखी एक व्यावहारिक अर्थ आहे. दोन माणसांची रिकामी कयाकच चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. आठ दिवसांचे सामान भरलेली कयाक दोघांना उचलत नाही आणि खडकांवरून ओढली तर तिचा तळ फाटतो. ओहोटीला किनाऱ्याला लागलात तर सगळे सामान काढून, चिखल-शेवाळातून दोनशे-तीनशे फूट वर नेऊन, मग रिकामी कयाक आणण्यातच दोन तास जातात आणि घोटे मुरगळण्याचा संभव असतो तो वेगळाच. म्हणून मुक्कामाला पोहोचण्याची आणि निघण्याची वेळ शक्यतो भरतीच्या आसपास ठेवावी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने आठही दिवसांचे वेळापत्रक घरीच कागदावर मांडता येते.

तारखा निवडताना एक साधन तुमच्या घरातील भिंतीवर असण्याची शक्यता आहे. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते आणि अष्टमीनंतर भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, येते, हे आपल्याकडच्या कोळ्यांना सांगावे लागत नाही. चंद्र तोच असल्याने हा नियम तेथेही लागू आहे. अष्टमी ते द्वादशीचे दिवस सहलीच्या मध्यावर येतील अशा बेताने कालनिर्णय पाहून आठवडा ठरवा आणि मग अमेरिकी सरकारच्या भरती-कोष्टकातून नेमके आकडे घ्या. भांगेच्या दिवसांत सामान वाहण्याचे अंतर बरेच घटते आणि अरुंद जागांतील प्रवाहही नरम असतो. महिना विचाराल तर मी जूनचा पूर्वार्ध सुचवेन. मे-जून हा तुलनेने कोरडा काळ असतो आणि जूनमध्ये अठरा तास उजेड मिळतो. तरीही पाऊस गृहीतच धरावा.

थंड पाण्याविषयी स्पष्ट लिहिणे मला कर्तव्य वाटते. हिमनद्यांजवळ पाणी गोठणबिंदूच्या काही अंशच वर असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धापा टाकत चालतो आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर उत्तम पोहणाराही बुडतो. श्वास ताब्यात आल्यावर हातपाय उपयोगी पडतात ते साधारण दहा मिनिटे. शुद्ध हरपण्याइतका गारठा चढायला बहुधा तासभर लागतो. यातील मधली दहा मिनिटे निर्णायक असतात, कारण त्या वेळात पुन्हा कयाकीत चढता आले नाही तर उरलेला तास लाइफ जॅकेटवर तरंगत मदतीची वाट पाहण्यात जातो आणि तेथे मदत तासाभरात येईलच असे नाही. म्हणून लाइफ जॅकेट सतत अंगावर, बंद करूनच असावे, आणि परवडत असेल तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न येऊ देणारा पोशाख, भाड्याने घ्यावा. तुम्ही सिअ‍ॅटलला राहता हे तुमचे भाग्य आहे, कारण प्युजेट साउंडचे पाणी बाराही महिने थंड असते आणि तेथे भरती-ओहोटीही चांगली असते. जाण्यापूर्वी जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, सहलीत घालणार तेच कपडे घालून आणि सामान भरलेली कयाक उलटवून, पुन्हा चढण्याचा सराव किमान दहा वेळा करा. तलावातील सराव येथे मोजू नका. हा सराव जमत नसेल तर यंदा वाटाड्यासोबत जा आणि दोघांचा बेत पुढच्या वर्षीवर ढकला. हे मी पूर्ण आपुलकीने लिहीत आहे.

एक कयाक की दोन, याचे उत्तर तुमच्या बाबतीत एकच, दोन आसनांची. ती स्थिर असते, वाऱ्यात वेग टिकवते, एकाचा खांदा दुखावला तर दुसरा किनारा गाठून देऊ शकतो आणि मुख्य म्हणजे धुक्यात तुमची ताटातूट होत नाही. उलटली तर दोघेही पाण्यात, हा तिचा दोष खरा आहे आणि वरील सराव त्यासाठीच आहे. तिच्यात एक अडचण मात्र पहिल्याच दिवशी जाणवेल. पुढे बसलेला माणूस समोर तोंड करून बोलतो, त्याचे शब्द वाऱ्यावर पुढे जातात आणि मागच्याला काहीच कळत नाही. मागचा पायांनी सुकाणू हाकत असतो आणि त्याला समोरचा लहान हिमखंड पुढच्याच्या पाठीमुळे दिसत नाही. यातून चिडचिड होते. खुणा आधीच ठरवा: वल्हे आडवे वर धरले म्हणजे थांब, उजवीकडे रोखले म्हणजे उजवीकडे वळ. वल्ह्यांचा ताल पुढच्याने ठरवायचा आणि मागच्याने तो मुकाट्याने पाळायचा. आसने एक दिवसाआड बदला, म्हणजे दोघांना दोन्ही बाजूंची अडचण कळते.

दोघांपैकी एकाने नाही म्हटले की तो नकार अंतिम मानायचा आणि त्याचे कारणही विचारायचे नाही, हा नियम आम्ही पाळतो. समोरचा पाण्याचा फाटा ओलांडायचा का, वारा वाढला असताना निघायचे का, या प्रश्नांवर पती-पत्नी एकमेकांचे मन राखण्यासाठी हो म्हणतात. अपघात तेथेच होतात. चांगल्या हवेत दुपारी उपसागरात वारा चढतो, म्हणून पहाटे निघून दुपारपर्यंत मुक्कामी पोहोचावे. भरलेल्या कयाकीने दिवसाला आठ-दहा मैल पुष्कळ झाले, आणि आठ दिवसांत दोन पूर्ण दिवस राखीव ठेवावेत.

कोठे जायचे? उन्हाळ्यात बार्टलेट कोव्हहून रोज निघणारी पर्यटक-बोट कयाक व प्रवासी यांना वरच्या भागातील ठरावीक किनाऱ्यांवर उतरवते आणि परत घेते. ही ठिकाणे अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या हंगामाची विचारून घ्या. पश्चिमेच्या फाट्यात मार्जरी, लँप्लू, रीड या हिमनद्या आहेत, तशीच मोठी क्रूझ जहाजेही तिकडेच जातात. तुम्हा दोघांना एकांत हवा असेल तर मी पूर्वेकडचा फाटा, म्यूर इनलेट, निवडेन. म्यूर हिमनदीने आता समुद्र सोडला आहे, पण मॅकब्राइड हिमनदी अजून पाण्याला भिडलेली आहे. तिच्या खाडीचे तोंड अरुंद असल्याने तेथे प्रवाह जोरदार असतो आणि तो हिमखंड घेऊन वाहतो. कयाकीने आत शिरू नका. बाहेर मुक्काम करा आणि ओहोटीला चालत जा. ओहोटीला तेथील रेतीवर घराएवढे हिमखंड अडकून राहतात, कोणी निळा, कोणी काचेसारखा पारदर्शक. वितळताना त्यांच्यातील जुन्या हवेचे बुडबुडे फुटतात आणि कान जवळ नेण्याचीही गरज न पडता तव्यावर मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सर्व बाजूंनी येत राहतो. त्यांच्या खाली किंवा अगदी लगत मात्र उभे राहू नका, कारण आधार वितळला की ते सूचना न देता कलंडतात.

समुद्राला भिडलेल्या हिमनदीच्या कड्यापासून किमान पाव मैल अंतर ठेवावे, आणि मी स्वतः अर्धा मैल ठेवते. कडा दीड-दोनशे फूट उंच असला तरी समोर मोजायला झाड किंवा घर नसल्याने तो नेहमी जवळ आणि लहान वाटतो. कोसळताना आधी बर्फ पडताना दिसतो आणि गडगडाट काही सेकंदांनी पोहोचतो. ते सेकंद मोजा: पाच सेकंद म्हणजे साधारण एक मैल, अडीच म्हणजे अर्धा. लाट आली तर खोल पाण्यात कयाकीचे पुढचे टोक लाटेकडे करून थांबणे किनाऱ्याकडे पळण्यापेक्षा सुरक्षित असते, कारण लाट उथळ पाण्यातच फुटते. तरंगत्या हिमनगाभोवतीही त्याच्या उंचीच्या कित्येक पट अंतर राखा, तो उलटतो. तीव्र उताराच्या, ताज्या दरडीच्या खुणा असलेल्या कड्याखाली तंबू लावू नका. याच उद्यानाच्या खुल्या महासागराकडील किनाऱ्यावर लिटुया बेमध्ये ९ जुलै १९५८ रोजी भूकंपाने दरड कोसळून पाणी समोरच्या डोंगरावर ५२४ मीटर उंचीपर्यंत चढले होते. जॉन्स हॉपकिन्स इनलेट मे-जूनमध्ये सीलच्या पिलांसाठी बंद असतो, आणि तो नियम मनापासून पाळावा.

अस्वले तपकिरी आणि काळी अशी दोन्ही आहेत. तंबूची परवानगी मोफत आहे, पण ती घेताना बार्टलेट कोव्ह येथील माहितीसत्राला बसणे बंधनकारक आहे आणि तेथेच अस्वलाला न उघडणारे डबे विनामूल्य उसने मिळतात. अन्न, दंतमंजन, साबण, क्रीम, ज्याला वास आहे ते सर्व डब्यात गेले पाहिजे. स्वयंपाक आणि जेवण तंबूपासून दूर, भरतीरेषेच्या खालच्या पट्ट्यात करावे, म्हणजे सांडलवंड पुढच्या भरतीला धुऊन जाते. अस्वलाच्या पाऊलवाटा किंवा ताजी विष्ठा दिसली तर कितीही दमला असाल तरी जागा बदला. आल्डरच्या दाट झुडपांजवळून जाताना मोठ्याने बोलत राहा. अस्वल दिसले तर शंभर यार्डांचे अंतर, आणि ते जवळ येऊ लागले तर दोघांनी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, शांत आवाजात बोलायचे, पळायचे नाही आणि अन्न त्याच्या हाती लागू द्यायचे नाही. अस्वलाला हुसकावणारा तिखट फवारा दोघांच्याही जवळ, सहज हात जाईल असा हवा. तो आणि स्टोव्हचे इंधन प्रवासी विमानात नेता येत नाहीत. जूनो येथून उद्यानाजवळच्या गस्टेव्हस गावी उतरल्यावर तेथेच विकत घ्यावे लागतात, म्हणून आधी दूरध्वनी करून ठेवा.

शाकाहारी जेवणाची चिंता करू नका, आपल्या कोरड्या शिध्याला तोड नाही. मर्यादा डब्यांच्या आकाराची आहे, तेव्हा जागा कमी आणि ताकद जास्त असे पदार्थ न्यावेत. आमच्या डब्यात भाजणी, मेतकूट, मुगाच्या डाळीची घरी तयार केलेली खिचडी-पूड, पातळ पोहे, साजूक तूप आणि दिवसाला प्रत्येकी तीन हिशेबाने शेंगदाणा-गुळाचे लाडू असतात. भाजणीची धिरडी एका तव्यावर होतात, पण भिजल्या हातांनी थालीपीठ थापत बसण्याचा नाद सोडा. हिंग-मसाल्यांच्या वासाने अस्वल येईल का असे तुम्ही विचारले आहे. अस्वलाला साध्या भाताचाही वास येतो, त्यामुळे मसाला टाळून काही साधत नाही, डबा बंद ठेवल्यानेच साधते. पाणी निवळ ओढ्याचे घ्यावे आणि गाळून किंवा उकळून प्यावे. हिमनदीचे पाणी पिठूळ असते, ते भांड्यात रात्रभर निवळू द्यावे, नाहीतर गाळणी तासाभरात बुजते.

कपड्यांत एकच आग्रह: रात्रीसाठी लोकरी कपड्यांचा एक जोड जलरोधक पिशवीत वेगळा ठेवा आणि तो पाण्यावर कधीही घालू नका. मोबाइल चालत नाही. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र आणि जवळच्या बोटींशी बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ, दोन्ही न्या, आणि ती पिशवीत नव्हे तर लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवा.

परतीच्या दिवशी बोट ठरलेल्या किनाऱ्यावर येईल तेव्हा तुम्ही तासभर आधी, सामान बांधून, कयाक रिकामी करून पाण्याजवळ उभे असले पाहिजे. त्या किनाऱ्याजवळ आदल्या दिवशीच मुक्कामाला पोहोचा आणि राखीव दोन दिवसांपैकी एक त्यासाठीच ठेवा. त्या दिवशी पहाटे वारा नसेल तर रिकामी कयाक घेऊन तासभर किनाऱ्यालगत जाऊन या. ओझे उतरलेली कयाक किती हलकी चालते, हे तुम्हाला आठवडाभरानंतर तेव्हाच कळेल.